मधला माणूस

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी प्रत्येकाच्या हातात हातभर निळी केबल दिली आणि म्हणाले, "सोला." वरचं आवरण निघालं की आत चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ उलगडायचा, आठही वायरी नखाने सरळ करायच्या आणि ठरलेल्या क्रमाने शेजारी शेजारी धरायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग त्यावर आरजे-४५ चा पारदर्शक कनेक्टर सरकवून क्रिंपिंग टूलने दाबायचं. माझा पहिला कनेक्टर वाया गेला, दुसराही गेला. टेस्टरवर एकापाठोपाठ आठ दिवे लागायला हवेत. माझा तिसरा आणि सहावा लागेना.

"हिरवी जोडी बघ," सर म्हणाले. "तिसऱ्या आणि सहाव्या जागी तीच जाते."

हिरवीची ताटातूट का, तर मधल्या दोन जागा निळ्या जोडीला दिल्यात, जुन्या टेलिफोनच्या जोडणीशी जुळाव्यात म्हणून. मला हे फार आवडलं. मी या शाखेत आले होते सायबर सिक्युरिटीच्या ओढीने, आणि पहिल्याच दिवशी हाताला लागली ती जुन्या टेलिफोनची खूण. तिसऱ्या कनेक्टरला आठही दिवे लागले. ती केबल अजून माझ्याकडे आहे.

त्याच आठवड्यात वर्गात लेयर्स सुरू झाले, म्हणजे नेटवर्कवरून निरोप पाठवायचं काम ज्या थरांत वाटलेलं असतं ते थर. सात लेयर्सची नावं ओघाने म्हणता येणं ही ओरलची पहिली पायरी, त्यामुळे ती सगळ्यांची पाठ होती. पण 'एन्कॅप्सुलेशन' म्हणजे नेमकं काय, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. डेटाला हेडर, म्हणजे पत्त्यासारखी माहिती, लागतं, त्या सगळ्याला पुन्हा वरून हेडर लागतं, त्याला पुन्हा. कशासाठी? सरांनी फळ्यावर चौकट काढली, तिच्याभोवती चौकट, तिच्याभोवती आणखी एक, आणि मला एकदम आमच्या गावची पडवी दिसली.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबा तिथे ब्रँच पोस्टमास्तर होते. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पोस्ट म्हणजे आमच्या घराची पडवी. एक टेबल, एक कुलपाची पेटी, तराजू, तारखेचा शिक्का आणि लाखेची कांडी. पत्र पाकिटात, पाकिटं सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात, गठ्ठे थैलीत, थैलीच्या तोंडाला लाखेचं सील आणि लेबल, आणि थैली एसटीत. कंडक्टरला लेबलापुरतं कळायचं: ही कुठल्या स्टँडवर उतरवायची. आत कुणाचं काय आहे हे त्याला ठाऊक नसायचं आणि त्याचं त्यावाचून अडायचंही नाही. तालुक्याला थैली उघडली की गठ्ठ्यावरचं नाव वाचायचं, अण्णांच्या टेबलावर गठ्ठा सुटला की पाकिटावरचं, आणि पाकीट ज्याचं त्याने फोडायचं. चौकटीत चौकट, तिच्यात चौकट. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्या वाट्याचं तेवढं वाचतो आणि पुढे देतो.

पत्त्यांचंही तेच. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिन कोड आला. ती पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, पुढचा त्यातल्या भागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा. दिल्लीत टपाल निवडणाऱ्याला आमची वाडी माहीत असण्याची गरज नाही, त्याने फक्त सुरुवातीचे आकडे बघून योग्य दिशेला टाकायचं. नेटवर्कमधला वाटाड्या, म्हणजे राउटर, असंच करतो. आयपी पत्त्याचा, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याचा, सुरुवातीचा जास्तीत जास्त भाग ज्या वाटेशी जुळेल, त्या वाटेला पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, लावून देतो. पत्त्यांचे असे गट पाडायची, म्हणजे सबनेटिंगची, गणितं मला त्या दिवसापासून सोपी गेली.

मग आला एआरपी, म्हणजे ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल. याच्याबद्दल मी कितीही बोलू शकते.

एका नेटवर्कमधल्या मशीनला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर नुसता आयपी पत्ता पुरत नाही, समोरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक, लागतो. तो शोधायची रीत म्हणजे एआरपी. ती १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ठरली, आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात. रीत अशी: मशीन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, "हा आयपी पत्ता कुणाचा?" आणि ज्याचा असेल तो म्हणतो, "माझा, आणि हा माझा मॅक." विचारणारा ते टिपून ठेवतो. संपलं. उत्तर देणारा खरंच तो आहे का, हे कुणी तपासत नाही. कुणीही "माझा" म्हणावं. बरीच मशीन्स तर न विचारता आलेलं उत्तरही टिपून घेतात. एखाद्याने दोन मशीन्सना वेगवेगळं सांगितलं, एकाला "मीच गेटवे" (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) आणि गेटवेला "मीच तो", की दोघांचं सगळं बोलणं त्याच्या हातून जाऊ लागतं. याला आमच्या विषयात मॅन इन द मिडल म्हणतात. मधला माणूस. पुढच्या दोन वर्षांत जे काही शिकले त्यातलं निम्मं या एका माणसापासून वाचण्यासाठी होतं.

ज्या काळात हे लिहिलं गेलं तेव्हा नेटवर्कवरची माणसं थोडी आणि बहुतेक ओळखीची होती. विद्यापीठं, संशोधन संस्था. दारं उघडी ठेवणाऱ्या गावासारखं होतं ते. मला त्याबद्दल राग येत नाही. पण अण्णा इतके भाबडे नव्हते, हेही खरं. आमच्या पंचक्रोशीत एकाच नावाची तीन-तीन माणसं असायची. मनीऑर्डर आली की अण्णा वाडी विचारायचे, बापाचं नाव विचारायचे, मुंबईला पाठवणारा तुझा कोण ते विचारायचे. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. ऑथेंटिकेशनचं, म्हणजे समोरचा खरंच तोच आहे का हे तपासण्याचं, प्रकरण शिकताना मी वहीच्या समासात 'अंगठा + साक्षीदार' असं लिहून ठेवलं होतं.

त्याच सत्रात, ऑगस्ट २०१८ मध्ये, सर वर्गात वर्तमानपत्र घेऊन आले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला. गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेच्या इमारतीसमोरून माझी रोजची बस जायची. शनिवारी, ११ तारखेला, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून आणखी अडीच कोटी, आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-व्यवस्थेमार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात जवळजवळ १४ कोटी. मिळून ९४ कोटींच्या वर.

सरांनी त्या दिवशीचं युनिट बाजूला ठेवलं आणि फळ्यावर तीन चौकटी काढल्या. डावीकडे एटीएम, उजवीकडे बँकेची मूळ प्रणाली, मध्ये स्विच. कार्ड सरकवलं की एटीएम स्विचला विचारतं, स्विच मूळ प्रणालीला विचारतो, तिथे शिल्लक बघितली जाते आणि 'हो' किंवा 'नाही' परत येतं. हल्लेखोरांनी मधला स्विच बनावट उभा केला. तो मागे कुणाला विचारतच नव्हता. येईल त्या विनंतीला 'हो'. सरांनी मधली चौकट लाल खडूने गिरवली. एटीएम खरं, मागची प्रणालीही खरी, खोटा फक्त निरोप्या. वर्गात त्या दिवशी कुणी मागच्या बाकावर बोलत नव्हतं. आमच्यातल्या काहींच्या घरच्यांची खाती त्या बँकेत होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला वायरशार्कचं प्रॅक्टिकल होतं. वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पॅकेट पकडून उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर. १९९८ ला इथेरिअल नावाने सुरू झालं, २००६ ला नाव बदललं. हल्लीच्या लॅबमध्ये मशीन्स जोडायला स्विच असतो, बँकेतल्यापेक्षा वेगळा. तो ज्याचं पॅकेट त्यालाच देतो, त्यामुळे शेजारच्या मशीनचं काही दिसत नाही. पण सरांनी कपाटातून एक जुना हब काढला होता. हबला अक्कल नसते, एका पोर्टवर आलेलं तो सगळ्या पोर्टांवर ओततो. फरक डोळ्यांनी बघा, म्हणून आम्हा पाच-सहा जणांची मशीन्स त्याला लावली. माझी स्वतः क्रिंप केलेली केबल होती.

फिल्टरच्या पट्टीत मी एचटीटीपी, म्हणजे वेबपानं उघड्या मजकुरात पाठवायची रीत, टाइप केलं. पट्टी हिरवी झाली, म्हणजे फिल्टर बरोबर आहे. रांगा सरकू लागल्या. एक पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे कुणीतरी साइटला भरून पाठवलेला फॉर्म, दिसली, मी तिच्यावर क्लिक केलं आणि खालच्या चौकटीतला त्रिकोण उघडला. तिथे एक युजरनेम होतं, त्याखाली पासवर्ड. माझा नव्हता. तीन खुर्च्या पलीकडे बसलेल्या माझ्या बॅचमधल्या एका मुलाने, प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी, हजेरी बघायला कॉलेजचं पोर्टल उघडलं होतं, आणि ते पोर्टल तेव्हा साध्या एचटीटीपीवर चालायचं. पासवर्ड रोमन अक्षरांत होता, मध्ये जागा न सोडता लिहिलेला: देवा एमथ्री सुटू दे.

एमथ्री म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, दुसऱ्या वर्षाचं. हा मुलगा आमच्यात सगळ्यांत जास्त हसणारा. त्याचं एमथ्री राहिलंय हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, निदान मला तरी नव्हतं. रोज पोर्टल उघडताना तो हे टाइप करत होता. मी मान वर करून बघितलं तर तो शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसत होता.

माझे कान तापले. कुणाचं तरी दार चुकून ढकललं जावं आणि आत माणूस हात जोडून उभा असावा, तसं वाटलं. चुकून वाचलं हे खरं, पण त्रिकोण मी उघडला होता.

सर मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं नव्हतं. त्यांनी स्क्रीन बघितली, मग हबची कॉलेजच्या नेटवर्कला जाणारी केबल काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "सेव्ह करू नकोस. आता टेलनेट लावून स्वतःचं लॉगिन पकड, त्याचा स्क्रीनशॉट जर्नलला लाव." टेलनेट म्हणजे दूरच्या मशीनवर उघड्या मजकुरात लॉगिन करायची जुनी रीत. मग वर्गाकडे वळून, "सगळ्यांनी आज घरी जाऊन पोर्टलचे पासवर्ड बदला. आणि जो दुसरीकडे वापरता तो इथे वापरू नका." कुणाचा दिसला, कुणाला दिसला, एक शब्द नाही.

पुढच्या तासाला एकाने विचारलं, हॉस्टेलच्या वायफायवर करून बघितलं तर? सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली रॉबर्ट मॉरिसची. कॉर्नेल विद्यापीठातला हा विद्यार्थी. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने एमआयटीतल्या कॉम्प्युटरवरून एक वर्म, म्हणजे आपोआप मशीनमागून मशीनमध्ये पसरणारा प्रोग्राम, सोडला. तो त्याच त्याच मशीनमध्ये पुन्हा पुन्हा शिरत राहिला आणि हजारो मशीन्स ठप्प झाली. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड झाला. नंतर तो एमआयटीतच प्राध्यापक झाला हेही सरांनी लपवलं नाही. दुसरी हेलसिंकीची. १९९५ ला तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले. टाटू युलोनेन नावाच्या तिथल्या संशोधकाने बसून एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर कुलूपबंद लॉगिनची रीत, लिहिलं आणि जगाला देऊन टाकलं. आज आम्ही सर्व्हरवर लॉगिन करतो ते त्यानेच. "दोघांनीही विद्यापीठात बसून नेटवर्कची भोकं बघितली," एवढंच म्हणून सर आपल्या आयटी कायद्याकडे वळले. २००० सालचा कायदा, कलम ४३, मालकाच्या परवानगीवाचून कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणं. कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हॉस्टेलवाल्याने पुन्हा विचारलं नाही.

१३ सप्टेंबरला गणपती. मी गावी गेले. अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे, ऐकू कमी यायचं, पण पडवीतली खुर्ची सुटली नव्हती. आरती आटोपल्यावर मी त्यांना हबची गोष्ट सांगितली. पासवर्ड काय होता ते नाही सांगितलं. एवढंच, की अण्णा, मला एकाचं बंद पाकीट वाचायला मिळालं.

"आमच्याकडे त्याला शिक्षा होती," अण्णा म्हणाले. १८९८ च्या टपाल कायद्यात तशी होती, उघडणाऱ्यालाही आणि अडवून ठेवणाऱ्यालाही. मग थोडं थांबून म्हणाले, "पण बाय, उघडायला कशाला लागतंय?"

आणि त्यांनी १९८२ सांगितलं.

त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या वाड्यांमधलं घरटी एक माणूस परळ-लालबागला होता. महिन्याच्या दहा-बारा तारखेपर्यंत मनीऑर्डरी यायच्या, पडवीत रांग लागायची. फेब्रुवारीत निम्म्या आल्या. मार्चमध्ये चार. मग एकही नाही. अण्णांनी एक पाकीट फोडलं नव्हतं, तरी कुठल्या घरात चूल कशी पेटते हे त्यांना रजिस्टरच्या कोऱ्या ओळींवरून कळत होतं. बायका एकमेकींना सांगायच्या, आमची आली हो. कुणाचीच आलेली नव्हती, आणि हे माहीत असलेला गावात एकच माणूस होता.

"त्या यायच्या," अण्णा म्हणाले. "एकेकटी यायची, दुपारची, रस्त्याला कोणी नसताना. आलं काय, विचारायची. मी म्हणायचो, बस जरा. पाणी द्यायचो. पोराबाळांचं विचारायचो. मनीऑर्डर द्यायला लागतो तेवढा वेळ बसवायचो. पाचसात मिनिटं. लगेच परत गेली असती तर समोरच्या ओटीवरून दिसलं असतं ना, हात हलवत आली ती."

मी तेव्हा काहीच बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती बाई पदर सावरत, न मोजलेल्या पैशांच्या चालीने पडवीतून उतरत होती.

आता मी एका कंपनीच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये काम करते, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर धोक्यासाठी नजर ठेवते. महिन्यातले दहा दिवस रात्रपाळी. लोकांना वाटतं एचटीटीपीएसचं, म्हणजे एचटीटीपीच्या सुरक्षित रूपाचं, कुलूप लागलं की काही दिसत नाही. आतलं दिसत नाही, खरं आहे. पण कुठल्या मशीनने कुठल्या साइटचं नाव विचारलं, किती वाजता, किती वेळ, किती मोठं बोलणं झालं, हे दिसतं. पाकिटाची बाहेरची बाजू. मागच्या हिवाळ्यात एका मशीनचा अलर्ट सलग पाच रात्री आला, अडीच-तीनच्या सुमाराला. अवेळी नवं ठिकाण, म्हणून नियमात बसला. ठिकाण होतं एका कर्करोग रुग्णालयाचं रिपोर्ट बघायचं पोर्टल. साइट तपासली, खरी निघाली. मशीनमध्ये काही नव्हतं. तिकिटावर 'धोका नाही' लिहून मी ते बंद केलं, आणि शिफ्टच्या रिपोर्टमध्ये ठिकाणाचं नाव न लिहिता 'वैध आरोग्यविषयक साइट' एवढं लिहिलं. वरिष्ठांनी ते नाव मागितलं असतं तर द्यावं लागलं असतं. मागितलं नाही. कर्मचाऱ्याचं नाव शेजारच्या रकान्यात होतं. ते मी वाचलेलं आहे.

कॉलेजच्या पोर्टलचं पुढे असं झालं की सरांनी प्राचार्यांना अर्ज दिला, खाली आम्हा तिघांच्या सह्या. एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट मोफत मिळतं, दीड तासाचं काम आहे, आम्ही करून देतो, असं त्यात लिहिलं होतं. आवक-जावकचा शिक्का बसला आणि मग दोन महिने शांतता. दिवाळीनंतर एके दिवशी पोर्टलच्या पत्त्यापुढे कुलूप दिसलं. उत्तर काही आलं नाही. पण आम्ही तिघांनी त्या दिवशी कँटीनमध्ये क्रीम रोल खाल्ले.

आणि त्याचं एमथ्री सुटलं. डिसेंबरच्या परीक्षेत. निकालाच्या दिवशी त्याने सगळ्या बॅचला वडापाव दिला; कशाबद्दल विचारलं तर म्हणाला, असंच. मी दोन खाल्ले आणि त्याला मनापासून "अभिनंदन" म्हणावंसं वाटत असताना "तिखट आहे रे" एवढंच म्हणाले.

शेवटच्या वर्षाला माहिती आणि सायबर सुरक्षेचा पेपर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये, एका कंटाळवाण्या दुपारी, सुरक्षेच्या यंत्रणांची यादी चालू होती. एन्क्रिप्शन, डिजिटल सिग्नेचर, ॲक्सेस कंट्रोल, आणि मग ट्रॅफिक पॅडिंग. मॅडमनी समजावलं: मजकूर लपवला तरी किती मजकूर गेला आणि कधी गेला यावरून बघणारा अंदाज बांधतो. म्हणून रिकाम्या जागी निरर्थक बिट्स भरायचे, म्हणजे काही चाललंय की नाही हे बाहेरून ओळखता येऊ नये. एचटीटीपीएसमागचं कुलूप म्हणजे टीएलएस. त्याची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ ला आली, तिच्यातही पाठवायच्या प्रत्येक तुकड्याला असं पॅडिंग घालून खरी लांबी लपवायची सोय आहे.

मी पेन खाली ठेवलं. पाणी द्यायचो. पोराबाळांचं विचारायचो.

संध्याकाळी गावी फोन लावला. अण्णांनी आधी विचारलं, "जेवलीस?" सहा वाजले होते. मी ओरडून ओरडून सांगितलं की अण्णा, तुम्ही संपाच्या वर्षी त्या बायकांना बसवून ठेवायचात ना, ते आज आम्हाला शिकवलं. पुस्तकात आहे. परीक्षेला येतं.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लागले.

"ऐकलं, ऐकलं," अण्णा म्हणाले. "त्याला नाव आहे होय?"